उंदीर बरे झाले, त्यानंतर

सेलूकर सरांनी मला उद्देशून उच्चारलेले पहिले वाक्य स्वागताचे नव्हते. फुलंब्रीहून पहिल्या बसने येऊन मी महाविद्यालयाच्या प्राणिगृहाच्या दारात उभी होते, केसांत गजरा. "आधी तो काढून या. उंदरांना वासाचा त्रास होतो," एवढे बोलून डॉ. अनंत सेलूकर आत निघून गेले. आज ते पंचाहत्तरी पूर्ण करीत असताना त्यांचे सगळे विद्यार्थी कबूल करतील, की सरांना माणसांपेक्षा उंदरांचीच भीड अधिक.

औषधनिर्माणशास्त्र शिकवता शिकवता सरांनी आतड्यांच्या जुनाट दाहावर आयुष्यभर काम केले. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एक रसायन मिसळायचे; आठवडाभरात त्यांना रक्ताचे जुलाब लागतात, वजन उतरते. मग औषध देऊन पाहायचे. शेवटी उंदीर मारावेच लागतात. ते काम सर कधी विद्यार्थ्यांवर ढकलत नसत. त्या दिवशी ते स्वतःचा डबाही उघडत नसत.

मी हा विषय घेतला तो दत्तासाठी. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार होता. एका झाडाच्या सालीचा अर्क मी तपासत होते. कोणत्या पिंजऱ्याला अर्क मिळतो हे पाहणी करणाऱ्याला कळू नये, म्हणून पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या दुसऱ्याने लिहायच्या, हा सरांचा दंडक. घाईत त्या मीच लिहिल्या. अर्क मिळालेले उंदीर मला टवटवीत दिसू लागले. "औषध सापडलं," असे मी घरी सांगितले, अर्कही नेला. दत्ताने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या.

सरांनी चिठ्ठ्यांवरचे माझे अक्षर ओळखले. ते रागावले नाहीत. त्यांनी स्वतः चिठ्ठ्या लावून सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. दोन्ही गटांत काडीचाही फरक निघाला नाही. तेव्हा मी रडत रडत दत्ताचे सांगितले. सर तसेच उठले आणि माझ्याबरोबर फुलंब्रीला आले.

वडील म्हणाले, "पोरगी म्हनली, उंदीर बरे झाले. मग आमचा दत्ता का नाय व्हनार?"

"भाऊ, उंदराला आजार मीच देतो. पाणी बदललं की तो आपोआप बरा होतो. तुमच्या मुलाचा आजार कुठून आला, हेच मला ठाऊक नाही. माझ्याकडे औषध नाही. आत्ता दवाखान्यात चला."

दत्ताचे मोठे आतडे काढावे लागले. तरी तो वाचला नाही. उशीर माझ्यामुळे झाला होता. हे इथे लिहिते आहे, कारण नुसती फुले वाहिलेली सरांना खपणार नाहीत.

तेराव्यानंतर मी संशोधन सोडायला गेले. सर म्हणाले, "सोडू नका. उपयोग नाही, हेसुद्धा लिहावं लागतं. नाहीतर उद्या दुसरी एखादी बहीण हाच अर्क घरी नेईल." प्रबंधात माझी चूक आहे. तिच्याखाली सरांनी स्वतःचीही लिहायला लावली: मार्गदर्शकाने चिठ्ठ्या वेळेवर तपासल्या नाहीत.

या लेखासाठी मी वडिलांना विचारले, सरांना काय शुभेच्छा कळवू? दत्ता गेल्यापासून ते फारसे बोलत नाहीत. या वेळी मात्र म्हणाले, "खोटी आशा लावली असती, तर त्या दिवशी मला बरं वाटलं असतं. त्यांनी नाय लावली. लई जगू दे त्यांना, धडधाकट जगू दे. आपल्या दत्ताचं राहिलेलं आयुष्य बी त्यांनाच लागू दे."