मामा फ्लॅट बघायला निघतात

मैलापुरात विकायला निघालेला असा एकही नवा फ्लॅट नसेल, ज्यात आमच्या घरमालकांनी, म्हणजे मामांनी, कॉफी करून बघितली नाही. लोक फ्लॅट बघायला गेले की भिंती ठोकतात, पार्किंग विचारतात. आमचे मामा जाताना पितळी फिल्टर, कॉफीपूड, दुधाचा थर्मास आणि विजेची किटली न्यायचे. ही सगळी पिशवी माझ्या खांद्यावर. तिथल्या नळाचं पाणी भांड्यात धरायचं, उकळायचं, फिल्टरात ओतायचं आणि डिकाशन थेंब थेंब खाली उतरेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. कोट घातलेली विक्रीवाली मुलगी, तिचा साहेब, वॉचमन, सगळ्यांनी. मग मामा एक घोट घेत, डोळे मिटत आणि निकाल देत, "खारं अहे." की आम्ही पिशवी भरून जिन्याला लागलो.

एकदा त्या मुलीने फार हौसेने सांगितलं, "सर, गच्चीवर स्विमिंग पूल आहे." मामा म्हणाले, "म्हणजे बुडायला पाणी अहे. प्यायला मात्र विकतचा कॅन!" ती बिचारी हसली, साहेब हसला नाही.

मामा म्हणजे माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आलेले, आणि मी सांगलीकडचा, आठवीत शाळा सोडून टी. नगरात गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायला आलेला. खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहून मोडकंतोडकं तमिळ बोलत होतो, तर आतून आवाज आला, "मराठीवाला का रे तूं? मग मराठींत बोल कीं!" शब्द जुन्या पत्रातून उठून आलेले, चाल सगळी तमिळ. पण त्या परमुलखात ते कानावर पडलं आणि मी तिथंच पायरीवर बसलो. मामींनी नाव विचारायच्या आधी ताकभात पुढे ठेवला. मागची खोली मला मिळाली आणि मी त्यांचा 'तंबी', धाकटा भाऊ झालो. ते उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

ते घर मामांच्या एकट्याचं नव्हतं. भावांनी मिळून ते बिल्डरला द्यायचं ठरवलं. पोंगल झाला की पाडणार. शहराबाहेर ओरगडमला राहणारी त्यांची मुलगी म्हणाली, इकडे या, मोठी कॉलनी आहे, मोकळी हवा आहे. मामी म्हणाल्या, "तिथं मी कुणाशीं बोलूं? मोटारींच्या कारखान्याशीं?" त्यांना संध्याकाळी देवळाच्या तळ्याकाठी एक फेरी हवी, फुलवालीशी भांडण हवं, आणि गुडघे गेल्यामुळे लिफ्ट हवी. म्हणजे मैलापुरातच, नवा फ्लॅट, घर पडायच्या आत. नाहीतर ओरगडम. दोन्हीकडे मला जागा नव्हती, हे मला न सांगता कळत होतं. त्यामुळे मामा "खारं अहे" म्हणाले की मामींसाठी माझा जीव तुटायचा आणि माझ्यासाठी थोडा जागेवर यायचा. असं दोन तोंडांनी जगणं फार वाईट.

पाण्यात पास झालेल्या फ्लॅटला दुसरी परीक्षा कावळ्यांची. जेवणाआधी कावळ्याला भात ठेवायचा ही त्यांच्या घरची रीत. मामा डब्यातून भाताचा गोळा काढून बाल्कनीत ठेवत आणि "का, का" अशी हाक मारत. नव्या इमारतींच्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी जाळ्या लावलेल्या. एका साहेबाने जाळीकडे बोट दाखवून सांगितलं, "सर, एकही पक्षी आत येत नाही, गॅरंटी." मामा त्याच्याकडे असे बघत राहिले की जणू त्याने त्यांच्या वडिलांनाच दारातून परत पाठवलं होतं.

पोंगल तोंडावर आला. मुलीने ओरगडमची खोली रंगवून घेतली. तेव्हा तळ्यामागच्या गल्लीत एक इमारत निघाली. लिफ्ट अजून बसायची होती. मामी हट्टाने आल्या, एकेका पायरीवर थांबत वर चढल्या. बाल्कनीला जाळी नव्हती. मामा खूष होऊन, पाण्याचीही वाट न बघता, भात घेऊन बाहेर गेले आणि हाका मारू लागले. आत मी भांडं नळाखाली धरलं, तर मामींनी ते हातातून घेतलं, मोरीत ओतलं, पदराआडून बाटली काढली आणि भांडं भरलं. बाटलीत आमच्याच विहिरीचं पाणी होतं, सकाळी मीच शेंदलेलं.

"तंबी," त्या हळूच म्हणाल्या, "मज आतां आणखीं जिने होत नाहींत रे."

मी किटलीचं बटण दाबलं.

मामांनी घोट घेतला. डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्या विहिरीगत अहे! अगदीं तेंच!" विक्रीवाली मुलगी टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. बाहेर कठड्यावर एक कावळा भात खात होता. त्या दिवशी सगळंच जमून आलं, आणि पिशवी भरताना मी मामींची रिकामी बाटली तळाशी लपवली.

आधी विहीर बुजवली. आमच्यासमोरच. ट्रकभर माती, वर विटांचे तुकडे. मामा छत्री घेऊन उभे होते, ऊन नव्हतं तरी. मग घर पाडलं.

नव्या फ्लॅटात चुलीवर दूध उतू घालवण्याचा विधी झाला, पाहुणे गेले. मामींनी नळाचं पाणी घेऊन कॉफी केली. आता दुसरं पाणी होतंच कुठे? पेला मामांच्या हातात देऊन त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी जमिनीकडे बघत होतो. मामांनी घोट घेतला. पेला थांबला. त्यांनी एकदा मामींकडे बघितलं, त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि सगळा पेला संपवला.

"बरं अहे," म्हणाले. "अजून अर्धा दे."

मी आता दूर गुम्मिडिपूंडीला असतो, गलाई सोडून, राहायला जागा देणाऱ्या कारखान्यात. खोलीत आम्ही दाटीवाटीने झोपतो आणि माझी भाषा कुणालाच येत नाही. कधी रविवारी मामांचा फोन येतो. "बोल कीं कांहीं," म्हणतात. सांगण्यासारखं काही नसतं. मग मी काय जेवलो ते सांगतो, भात कसा होता, रसम कसं होतं, आणि ते पलीकडे ऐकत राहतात.