सुटे फर्मे

"तुम्ही पुस्तक फाडलंत!"

"फाडलं नाही साहेब. उसवलं."

"एकच ते!"

"एकच कसं होईल? घरी बायका झबलं उसवून मोठं करतात, ते काय फाडतात होय?"

हे भांडण ताईने कपाटामागे उभं राहून ऐकलं होतं. तेव्हा ती अजून ताई झाली नव्हती. वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर नव्यानेच लागली होती. हातात पुस्तकांची चळत होती. खाली ठेवावी तर आवाज होईल, म्हणून हात भरून आले तरी ती तशीच धरून उभी राहिली. पलीकडे ग्रंथपाल साहेब होते, ज्यांना पंख्याचा आवाजही जास्त वाटायचा, आणि बाइंडरकाका होते, ज्यांच्या विजारीवर मांडीच्या जागी खळ वाळून पापुद्रे आले होते.

भांडणाचं मूळ तीच होती. शनिवारी दुपारी मागच्या खोलीत मुलांना जमवायचं, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर गप्पा मारायच्या, असा उद्योग तिने काढला होता. कल्पना छान होती, पण पुस्तकाची प्रत एकच आणि मुलं आठ. आठव्याची पाळी येईपर्यंत पहिल्याला नायकाचं नावही आठवत नसे. मग एकदा काकांच्या दुकानात तिला दिसलं, की पुस्तक म्हणजे काही वीट नव्हे. सोळा-सोळा पानांच्या जुड्या एकीमागे एक शिवलेल्या असतात. काका त्यांना फर्मे म्हणत. तिने विचारलं, "काका, हे सुटे करून परत शिवता येतात?" काकांनी आधी तिला वेड्यात काढलं, नंतर सुरीने दोरा कापला. आठ फर्मे, आठ मुलं. प्रत्येक फर्म्याला खाकी कागदाचं कव्हर. ज्याने त्याने आपल्या वाट्याचं वाचायचं आणि शनिवारी आठ जणांनी मिळून गोष्ट उभी करायची.

"आणि एक फर्मा हरवला तर?" साहेबांनी विचारलं.

"हरवणार नाही. पोरगी घरी जाऊन आणेल."

"एक जरी कमी आला ना, त्या दिवशी ही भानगड बंद."

"कबूल," काका म्हणाले. "त्या दिवशी मीपण सुई खाली ठेवीन. मग तर झालं?"

कपाटामागे उभ्या असलेल्या पोरीला कुणी काही विचारलंच नाही. पण शब्द तिच्याही गळ्यात पडला, आणि तो तिने नोकरी संपेपर्यंत सांभाळला. म्हणजे जवळजवळ संपेपर्यंत.

ती वर्षं कशी गेली ते सांगायचं तर आधी त्या खोलीतला गोंधळ सांगावा लागेल. एकदा, साहेबांची निवृत्ती जवळ आली होती तेव्हा, तिसरा फर्मा एका गोलमटोल मुलाकडे होता. तो इतका मोठ्याने बोलायचा की सगळे त्याला भूकंपच म्हणत. तो आल्या आल्या म्हणाला, "मामा मेला."

सहावा फर्मा असलेली मुलगी म्हणाली, "छट! माझ्याकडे तो जेवतोय."

"मेलेला माणूस जेवतोय?"

"दोनदा वाढून घेतलंन वर!"

चौथा आणि पाचवा फर्मा ज्या दोन भावांकडे होता, ते दोघे गोवराने घरी पडलेले. आठवडाभर कुणाच्या जिवाला चैन नाही. भूकंप तर त्या भावांच्या खिडकीखाली जाऊन ओरडून आला. शेवटी कळलं, की मामा दोन होते. त्या शनिवारी खोलीत जे हसू पिकलं, ते ऐकून साहेब दारापर्यंत आले, क्षणभर उभे राहिले आणि परत गेले. जाताना दार तेवढं ओढून घेतलं.

ताईने स्वतःलाही एक नियम लावून घेतला होता. पुस्तक आपण वाचायचं नाही. मुलांच्या तोंडूनच ऐकायचं. "आपण वाचलं की आपली मास्तरीण होते," ती म्हणायची. मुलांनाही ते माहीत होतं, त्यामुळे ताईला गोष्ट सांगताना त्यांची छाती फुगायची. वाचनालयात उभा जन्म काढलेल्या या बाईने त्या खोलीतलं एकही पुस्तक स्वतः वाचलेलं नव्हतं, आणि तिला सगळी येत होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिची फेरी असे. जो आला नाही त्याच्या घरी जायचं, वाचलेला फर्मा घ्यायचा, दुसरा द्यायचा, "पान मुडपू नकोस" म्हणायचं आणि निघायचं. चहा घ्यायचा नाही, कारण चहा घेतला की आया आपल्या पोरांची गाऱ्हाणी सांगत बसत. पुस्तक पुरं झालं की सगळे फर्मे काकांकडे. काका ते शिवून देत, ती ते घेऊन येई, तारखांची चिठ्ठी चिकटवी आणि पुस्तक कपाटात त्याच्या जागी उभं करी. तळहाताने कणा जरा आत सारायचा, की झालं काम.

ताई राहायची भाऊ-वहिनीकडे. लग्नाचं दोन-तीनदा निघालं आणि निघालं तसंच बसलं. वहिनी मनाची चांगली, पण जिभेवर तिचा ताबा नव्हता. "वन्सं," ती म्हणायची, "दर शुक्रवारी दारोदार हिंडता. पोस्टमनला निदान सायकल तरी असते."

"मला पाय आहेत की."

"आहेत तोवर आहेत!"

पुढे साहेब निवृत्त झाले, दुसरे आले, तेही गेले. मुलं मोठी होत, नवी येत. आणि मग हळूहळू नवी येईनाशी झाली. नेमकं कधीपासून, हे ताईलाही सांगता आलं नसतं. मिठाच्या बरणीत मीठ कधी संपत आलं ते कुठे कळतं? चमचा तळाला लागला की कळतं.

चमचा तळाला लागला तो एका शनिवारी. मिसरूड फुटलेला एक मुलगा आला, आपला फर्मा टेबलावर टाकला आणि म्हणाला, "ताई, शेवट मोबाईलवर आहे. थोरला भाऊच चोर निघतो."

जिच्याकडे शेवटचा फर्मा होता ती मुलगी रडवेली झाली. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने सरळ विचारलं, "मग आता बोलायचं काय?"

घरी गेल्यावर ताईला चार उत्तरं सुचली, पण तेव्हा समोर भाजी निवडणारी वहिनीच होती.

पुढच्या खेपेला तिने अक्कल लढवली. सगळ्यात खालच्या कप्प्यातून, जिथे वाकायचाही लोकांना कंटाळा, तिथून एक जुनं पुस्तक काढलं. आतलं पहिलंच पान गायब होतं, त्यामुळे लिहिणारा कोण तेही कळत नव्हतं. भाच्याला म्हणाली, "बघ रे, हे तुझ्या मोबाईलला माहीत आहे का?"

भाच्याने बराच वेळ बोटं फिरवली. "आत्या, हे पुस्तक जगात नाहीच."

"माझ्या हातात काय आहे मग?"

"ते तू बघ. मोबाईलच्या दृष्टीने ते नाही."

ताई इतकी खूश झाली की वहिनीने दोनदा विचारलं, काय मिळालं म्हणून.

काकांनी पुस्तक उसवलं. पण ते उसवेपर्यंत मुलं चार उरली होती. शनिवारचे क्लास सुरू झाले आणि दोन राहिली. मग एकच. ती एक म्हणजे शंका. खरं नाव काहीतरी छान होतं, पण प्रत्येक वाक्याला "पण ताई, असं का?" म्हणायची, म्हणून तिला सगळे शंकाच म्हणत. सगळे गेल्यावर ते नाव वापरणारी ताई एकटीच उरली.

आठ फर्मे आणि दोन माणसं. ताईने आपला नियम मोडला. एक फर्मा शंकाने वाचायचा, पुढचा ताईने, आणि शनिवारी मोठ्या टेबलाच्या एका कोपऱ्याला बसून एकमेकींना सांगायचं. गोष्ट होती घरातून निघून गेलेल्या भावाला शोधत फिरणाऱ्या एका माणसाची. गावोगाव फिरून सातव्या फर्म्याच्या शेवटच्या ओळीत त्याने एका दाराची कडी वाजवली होती.

"हा तू ने," ताईने आठवा फर्मा शंकाच्या हातात ठेवला. "दार कोण उघडतं ते मला सांग."

"पण ताई, कुणी उघडलंच नाही तर?"

"ते पण सांग."

पुढच्या शनिवारी शंका आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ताई दोन शुक्रवार जाऊन आली, दोन्ही वेळा कुलूप.

इकडे वाचनालयात नव्या मॅडम आल्या होत्या. वाईट नव्हत्या. उलट खुर्ची पुढे करून म्हणाल्या, "ताई, तुमचं काम फार छान होतं हो." ते 'होतं' ऐकूनच ताईला पुढचं कळलं. खोलीची अभ्यासिका होणार होती. नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांची सकाळपासून रांग लागते, त्यांना जागा नाही, हे ताईला दिसत नव्हतं थोडंच? "आणि ते सुटं पुस्तक तुमच्या निवृत्तीच्या आत पूर्ण जमा करा. अपूर्ण असेल तर रद्दीत काढावं लागेल, माझ्या हातात नाही." मोठं टेबल गेलं, फळ्यांचे आडोसे केलेली बाकं आली. ताई आपली फडकी न्यायला आत गेली आणि सवयीने म्हणाली, "काय रे बाळांनो, जमतंय का?" कोपऱ्यातल्या दाढीवाल्याने कानातले बोळे काढले.

"ताई, जरा हळू बोला ना."

तो भूकंप होता.

नोकरीचा शेवटचा दिवस शुक्रवारीच आला. ताई संध्याकाळी पिशवी घेऊन निघाली. एवढा एक फर्मा मिळाला की दिलेला शब्द पुरा होत होता, पुस्तक रद्दीतून वाचत होतं आणि दार कुणी उघडलं ते कळणार होतं. शंकाच्या इमारतीचा जिना चढताना ती मधे एकदा थांबली. वहिनीचं 'आहेत तोवर आहेत' आठवून तिला हसूही आलं.

या वेळी कुलूप नव्हतं. ताईने कडी वाजवली. शंकाच्या आईने दार उघडलं.

"अय्या, ताई! या ना. आम्ही महिनाभर माहेरी होतो, आईचं आजारपण. चहा टाकते."

"चहा नको. ते पुस्तक तेवढं..."

आईचा चेहरा पडला. पाठीला दप्तर लावून शंका आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तिने मला सांगितलं, पण मागाहून," आई म्हणाली. "घर आवरताना रद्दी घातली हो. खाकी कव्हर बघून मला जुनी वहीच वाटली. उघडून बघितलं, तर ना नाव ना गाव, मधूनच सुरू झालेली सुटी पानं. फाटकं आहे म्हणून टाकलं. मला काय माहीत?"

फाटकं नव्हे, उसवलेलं. हे ताईच्या ओठावर आलं होतं. सांगायला काका बरोबर नव्हते.

"असू दे," ती म्हणाली. मग शंकाकडे वळून म्हणाली, "दार कुणी उघडलं गं?"

शंका आपल्या बुटांकडे बघत राहिली. "वाचायचं राहिलं, ताई. परीक्षा झाली की वाचणार होते."

"अगं, क्लासला उशीर होतोय," आई म्हणाली.

शंका धाडधाड जिना उतरली. अर्ध्यावर थांबून वर बघत म्हणाली, "ताई, मी दुसरं विकत आणून देऊ?"

"मिळत नाही गं ते. तू जा, पळ."

काकांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा लॅमिनेशन करायचा. काका मागे स्टुलावर बसलेले असत. डोळे जवळजवळ गेलेले, पण आज ताई येणार म्हणून दोरा मेणातून ओढून, सुनेकडून सुईत ओवून ठेवला होता. त्यांनी सगळे फर्मे हातात घेतले, कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"बारीक लागतंय गं, पोरी."

"शेवटचा नाही काका. रद्दीत गेला."

काकांनी फर्मे मांडीवर ठेवून कडा जुळवल्या. पुढे मशीन गरम वास सोडत होतं.

"काय होतं शेवटी?"

"कुणालाच माहीत नाही."

"हं." त्यांनी परत अंगठा फिरवला. "असंच शिवलं तर पुठ्ठ्यात ढिलं बसेल. हात लावला की कळेल कुणालाही. कोरा फर्मा घालू? जाडी भरेल."

ताईने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. अख्ख्या नोकरीत तिने वाचनालयाला खोटं सांगितलं नव्हतं. खरं सांगितलं तर पुस्तक उद्याच रद्दीत.

"घाला," ती म्हणाली.

काकांनी हातांनीच बघत शिवलं. टाके पूर्वीसारखे सरळ नव्हते, पण पक्के होते. शेवटची गाठ मारल्यावर त्यांनी सुई चाचपून डबीत ठेवली, डबी मुलाच्या दिशेने सरकवली आणि म्हणाले, "ही आता वर ठेवून दे. लागणार नाही."

वाचनालय बंद व्हायला थोडा अवकाश होता. मॅडम पर्स आवरत होत्या. "आणलंत का ताई? सगळं आहे ना?"

"आहे."

मॅडमनी वजन बघितल्यासारखं पुस्तक हातात तोललं आणि परत दिलं. उघडून बघितलं नाही. कोण बघणार होतं? सगळ्यात खालचा कप्पा, लिहिणाऱ्याचं नाव नाही, मोबाईलच्या दृष्टीने जगात नाही. कधी कुणी नेलंच, सगळं वाचत शेवटाला आलंच, तर कडी वाजल्यावर पुढे सोळा कोरी पानं. पण कुणी नेणार नव्हतं, आणि हे ताईइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

मागच्या खोलीतून पान उलटल्याचाही आवाज येत नव्हता. साहेब असते तर खूश झाले असते.

ताईने चिठ्ठीला खळ लावली, चिकटवली, वरून फडकं फिरवलं. गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली, दोन पुस्तकांच्या मधे बोटांनी जागा केली आणि ते त्याच्या जागी उभं केलं. मग तळहाताने कणा जरा आत सारला.