इनासकाकांची दीड वीत

इनासकाकांशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघून उपयोग नसे. उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघायचं. तुम्ही बोलत असता, काका मान डोलावत ऐकत असत, आणि मध्येच कधीतरी मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा हळूच वर उचलला जाई. तिथे तुमचं बोलणं संपलं. पुढे तुम्ही दहा मिनिटं बोलत राहिलात तरी काकांच्या लेखी ती कापून झालेली. पहिल्या भेटीत मी त्यांच्यासमोर चांगला अर्धा तास बडबडले. अंगठा दुसऱ्याच मिनिटाला उठला होता, हे मला पुढे रोजीकाकूंनी सांगितलं. "मनाला लावून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "देवळात पाद्रींच्या प्रवचनाला पन उचलतात. मी हात धरून बसते त्यांचा."

काका सिनेमाचे संकलक. म्हणजे चित्रित केलेल्या फितीतलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि कशाला काय जोडायचं हे ठरवणारा माणूस. दादरच्या एका स्टुडिओत बावीस वर्षं ते सहायक संकलक होते आणि सहायकच राहिले. तुमचं नाव यायचं का हो पडद्यावर, असं मी एकदा भीत भीत विचारलं. "यायचं की," काका म्हणाले. "चार नावं एकदम यायची, आनी लोक तेव्हा अंधारात खुर्ची शोधत असायचे." त्यात कडवटपणा नव्हता. मला मात्र राग आला होता, आणि तो त्यांना दिसला असावा, कारण त्यांनी लगेच माझ्यापुढे केळी ठेवली.

हा अंगठा मुळात सिनेमाचा नव्हताच. आगाशीच्या अलीकडे त्यांच्या घरची वाडी होती, तिच्यात पानवेली होत्या. विड्याची पानं खुडायला अंगठ्यात लोखंडी नखी घालतात. काकांचं सगळं लहानपण ती नखी घालून गेलेलं. फीत कापायची जागा ठरवताना ते वेलीवरचं पान बघावं तसे बघत आणि म्हणत, "खुडलेलं वेलीला कळता कामा नये." त्यांची घरची बोली मला येत नाही. माझ्याशी ते दादरला शिकलेल्या मराठीत बोलत, तिच्यात घरचे थोडे खडे उरलेले असत. मी तेवढंच लिहिते, उगाच नक्कल करत नाही.

मी तेव्हा विरारला शाळेत भूगोल शिकवत होते. ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. माझा मित्र सुहास आचोळ्याला राहायचा आणि मुंबईत जाहिरातींचं चित्रीकरण करणाऱ्यांकडे कॅमेरा सांभाळायचा. तिथे वापरून उरलेल्या फितीचे तुकडे तो मागून आणी आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचा कॅमेराही. त्यावर आम्ही एक वीस मिनिटांचा माहितीपट करायला घेतला होता. विषय माझा, बावखलांचा. आमच्याकडे वाड्यांमधून गोड्या पाण्याची खोदलेली डबकी असतात, त्यांना बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. इमारती यायला लागल्या तशी लोक ती मातीने बुजवू लागले होते. मी पोरांना फळ्यावर हे सगळं काढून दाखवायचे. पोरं जांभया द्यायची. म्हणून म्हटलं, सिनेमा करू.

चित्रीकरण झालं आणि आमच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं काही येत नाही. कोणीतरी इनासकाकांचं नाव सांगितलं. दादर सोडून ते वर्षापूर्वी कायमचे गावी आले होते. पडवीतल्या टेबलावर हाताने फिरवायच्या दोन चक्र्या, मधे काडेपेटीएवढ्या काचेत चित्र दाखवणारं यंत्र, आवाजाच्या फितीसाठी एक छोटा कर्णा. वर तार बांधलेली, तिला कपड्यांच्या चिमट्यांनी फितीचे तुकडे टांगलेले आणि त्यांची टोकं खाली उशीचा अभ्रा घातलेल्या टोपलीत सोडलेली. हातात रोजीकाकूंनी जुन्या चादरीचे शिवलेले पांढरे मोजे.

चित्र एका फितीवर असतं आणि आवाज दुसरीवर. दोन्ही जुळावीत म्हणून चित्रीकरणाच्या सुरुवातीला लाकडी पाटी आपटायची असते. आम्ही अर्ध्या ठिकाणी ती आपटायला विसरलो होतो. मी मान खाली घालून हे कबूल केलं. काका चक्र्या फिरवू लागले. तासाभराने त्यांनी मला हाक मारली. बोलता बोलता एका म्हातारीने गुडघ्यावर डास मारला होता. काकांनी तो फटका चित्रात शोधला, आवाजात शोधला आणि दोन्ही जुळवले. "बावखलाचा सिनेमा," ते म्हणाले. "पाटी कशाला पायजे, डास आहेत ना."

पहिलं भांडण झालं ते एका शब्दावरून. माझ्या निवेदनात मी सगळीकडे 'तळं' म्हटलं होतं, बाहेरच्यांना कळावं म्हणून. काकांनी चक्री थांबवली. "तळं गावाचं असतं," ते म्हणाले. "बावखल कोनाचं तरी असतं. त्याला पानी घ्यायची पाळी असते, भावाभावांची. तळं बुजवलं तर तू सरकारला विचारशील. बावखल बुजवलं तर घरात विचारावं लागतं." मी सगळं निवेदन परत लिहिलं आणि परत बोलले.

मग एके दिवशी बस्त्याव आले. म्हणजे यंत्राच्या काचेत. हे एक साठीचे गृहस्थ. आपलं बावखल बुजवून ती जागा त्यांनी चाळ बांधणाऱ्याला दिली होती. त्याच बुजवलेल्या जमिनीच्या कडेला उभं करून मी त्यांना विचारलं होतं, "बुजवताना घरात कोणाला विचारलंत?" ते म्हणाले होते, "इनासला विचारलं नाय मी. विचारलं असतं तर तो नको म्हनला असता." नंतर ते गप्प उभे राहिले. सुहासला मी थांब म्हणायला विसरले, म्हणून कॅमेरा चालूच राहिला.

माझ्या मते आमच्या सगळ्या सिनेमात याच्याइतकं मोलाचं वाक्य नव्हतं. माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. मी मोठ्या उत्साहाने काकांकडे बघितलं. त्यांचा हात चक्रीवर होता आणि चक्री थांबली होती. त्या गावात इनास नावाची डझनभर माणसं असतील. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"हा माझा थोरला," काका म्हणाले.

रोजीकाकूंनी मग सांगितलं. काका दादरला असायचे, शनिवारी यायचे. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी आले तर बावखलाच्या जागी माती. ते नुसते कडेला उभे राहिले आणि घरी आले. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. घरं हाकेच्या अंतरावर. मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, दोघे जात, एक डावीकडे बसे, एक उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "ते वाक्य काढू या. गप्प उभा आहे ते ठेवू."

मी चिडले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं म्हातारा घराची अब्रू झाकतोय. मी तसं म्हणालेही, थोड्या मऊ शब्दांत. काकांनी ऐकून घेतलं. अंगठाही उचलला नाही.

"सिनेमा तुझा आहे," ते म्हणाले. "तू म्हनशील तसं. पन दोन्ही तऱ्हेनं जोडून बघ, मग बोल."

त्यांनी दोन्ही जोडून दाखवलं. पहिल्यात वाक्य होतं. दुसऱ्यात माझा प्रश्न बुजवलेल्या जमिनीच्या चित्रावर ऐकू येतो, "घरात कोणाला विचारलंत?" आणि मग बस्त्यावांचा चेहरा. ते काही बोलत नाहीत. नऊ सेकंद. एकदा ओठ आवळतात, एकदा जमिनीकडे बघतात, मान वळवतात.

"पन ही लबाडी आहे," मी म्हणाले. त्यांच्या 'पन'ची सवय मलाही लागली होती. "त्यांनी उत्तर दिलंय आणि आपण ते गप्प दाखवतोय."

"लबाडी आहेच," काका शांतपणे म्हणाले. "बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? बघायचं एवढंच, की कोनाच्या बाजूनं करतोय. तो तुझ्या माईकमध्ये बोलला. मला नाय बोलला. ते वाक्य पडद्यावरनं सगळ्या गावाला ऐकवलंस तर मला सांगायला त्याच्याकडे काय उरलं?"

मला ते पटलं नाही. आता पटतं म्हणून तेव्हाही पटलं होतं असं लिहिणं सोपं आहे, पण नव्हतं पटलं. मी भूगोलाची बाई. मला पुरावा हवा होता. शेवटी ठरलं असं की मूळ फीत, म्हणजे निगेटिव्ह, अजून कापायची नाही. तिला एकदा कात्री लागली की परतीची वाट नसते. तिच्यावरून काढलेली कामाची प्रत गावाला दाखवायची, काकांच्या पद्धतीने जोडलेली. लोकांना काही कळलं नाही तर वाक्य परत घालायचं. काकांनी वाक्याचा तुकडा चिमट्याने तारेवर लावून ठेवला.

रविवारी मिसेनंतर चर्चच्या सभागृहात खेळ ठेवला. खिडक्यांना गोणपाट बांधले. प्रोजेक्टर मागे, काकांच्या हातात. आवाज वेगळ्या टेपरेकॉर्डरवर होता, त्यामुळे चित्रातले ओठ मागे-पुढे झाले की काका प्रोजेक्टरचा वेग कमी-जास्त करून जुळवून घेत. त्यांना मान वर करायलाही फुरसत नव्हती, शिवाय यंत्राजवळ खडखडाट एवढा की शेजारच्याचं बोललेलं ऐकू येऊ नये. अख्खा गाव आला होता. सिनेमात आपला कोण दिसतो ते बघायला. बस्त्यावही आले, तिसऱ्या रांगेत कडेला बसले. मी मुद्दाम त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले. आपण काय बोललो होतो हे त्यांना चांगलं आठवत असणार. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवून ते बसले होते. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

डास मारणाऱ्या म्हातारीला मोठा हशा मिळाला. मग बुजवलेली जमीन आली, माझा प्रश्न आला, आणि पडद्यावर बस्त्याव. सभागृहात कोणी हललं नाही. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, तीन वर्षांपासून. माझ्यासमोरची पाठ वाट बघत होती, आता ते वाक्य येणार. ते आलं नाही. पडद्यावरच्या बस्त्यावांनी मान वळवली आणि चित्र बदललं, शेजारच्या वाडीतलं भरलेलं बावखल आलं.

तेव्हा समोरच्या अंधारात आवाज आला. मोठा नव्हता. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणावं तसा. "इनासला विचारलं नाय मी."

दोन-तीन रांगांनी ऐकलं असेल. कोणी मागे वळलं नाही. सिनेमा संपला, गोणपाट काढले, आणि मी बघेपर्यंत बस्त्याव दारातून बाहेर गेले होते.

मी धावत मागे गेले. काका रीळ परत गुंडाळत होते. त्यांना अर्थातच काही ऐकू आलं नव्हतं. मी सांगितलं. काका चक्री फिरवत राहिले. फिरवता फिरवता म्हणाले, "कधी बोलला?"

"म्हणजे?"

"पडद्यावर काय होतं तेव्हा?"

मी आठवून सांगितलं, की शेजारचं बावखल आलं होतं.

त्यांचा हात थांबला. "म्हनजे मी आधी कापलं," ते म्हणाले. "तो बोलनार होता आनी मी चित्र बदललं. दोन सेकंद कमी पडली." हे ते एखादा मोठा गुन्हा कबूल करावा तसे बोलले. मग चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. मी सुहासला गोणपाट गोळा करायला मदत करायला निघून गेले.

इनासकाकांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. बस्त्याव त्यांच्या आधी गेले. तो माहितीपट अजून कुठे कुठे दाखवतात, आणि दाखवला की एखादा शहाणा मला हमखास सांगतो, तो म्हातारा फार वेळ गप्प उभा राहतो, तेवढं जरा कापा. मी नाही कापत. त्याने कारण विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर नाही.

त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी माझी शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर दुपारी बाराच्या सुमारास मी काकांकडे गेले. वाक्य परत घालायचं नाही, निगेटिव्ह तुम्ही जोडलंत तशीच कापा, हे सांगायचं होतं. पडवीत कोणी नव्हतं. टेबलावर पांढरे मोजे काढून ठेवलेले. यंत्रात फीत होती आणि तिच्यात नवा सांधा दिसत होता. मी वाकून बघितलं. बस्त्यावांच्या गप्प उभं राहण्याच्या शेवटी काकांनी दीड वीत फीत जोडली होती. आमच्या फितीत दोन सेकंद दीड वितीएवढी भरतात. आवाजाच्या फितीतही तेवढीच, नुसत्या वाऱ्याची.

रोजीकाकू आतून पदराला हात पुसत आल्या. मी विचारलं, काका कुठे आहेत?

"थोरल्याकडे गेलेत," त्या म्हणाल्या. "जेवायला थांबू नको म्हनाले."