साल सांग, एर्नेस्टीन

एर्नेस्टीन नोएल शालान्त परीक्षेच्या इतिहासात दोनदा नापास झाली होती. इंग्रजी, गणित आणि आणखी दोन विषय तिनं एकेक करून सोडवले. पाचवा इतिहास तेवढा राहिला. तो सुटला की ग्रेनाडातल्या आमच्या ग्वाव गावच्या बालशाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळणार होती. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सप्टेंबरपर्यंत जागा धरून ठेवते. पुढे नाही." एर्नेस्टीन तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती, आणि बावीस वर्षं जायफळाच्या वखारीत माझ्या शेजारी बसून जायफळं निवडत होती.

तिला इतिहास येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. ती बोलायला लागली की आमचे हात थांबायचे आणि मुकादमीण ओरडायची.

शनिवारी सकाळी चर्चच्या दालनात कथबर्ट मास्तर शिकवत. मार्चमध्ये त्यांनी सरावाला निबंध दिला: विसाव्या शतकात आपल्या बेटांवरची माणसं बाहेरदेशी का गेली? हिनं सहा पानं लिहिली. पंचविसात नऊ मिळाले.

"मास्तर, यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही. 'जॅनेटच्या आधी लोक त्रिनिदादला तेलाच्या विहिरींवर गेले, जॅनेटनंतर इंग्लंडला.' अगं बाई, परीक्षा साऱ्या बेटांची एकच. तुझा पेपर तपासायला जमैकाच्या माणसाकडे गेला तर? तो विचारेल, ही जॅनेट कोण?"

"वादळ! साऱ्या जगाला माहीत आहे."

"साऱ्या जगाला नाही, ग्रेनाडाला. जमैकावाले त्यांच्या गिल्बर्ट वादळावरून मोजतात. सहा पानांत एक तरी साल लिहिलंयस का?"

नव्हतं लिहिलं. आम्ही सगळे तसेच. माझ्या मुलीचं लग्न इव्हान वादळाच्या आदल्या वर्षीचं. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, आणि समोरच्याला कळतं.

सोमवारी एर्नेस्टीननं कामावर येताच नियम काढला. "आजपासून जी वादळाचं नाव घेईल, तिनं सगळ्यांच्या टोपल्या जायफळं पाण्यात पारखायच्या हौदापर्यंत वाहायच्या."

"आणि तू घेतलंस तर?" पलीकडून व्हिडालिया म्हणाली. तिची जीभ फार तिखट.

"मी दोन खेपा करीन."

पहिल्या दिवशी एर्नेस्टीनच इतक्यांदा चुकली की बिचारीचा खांदा सुजला. पण मग खेळच झाला. हात जायफळात, आणि तोंडानं प्रश्न.

"गुलामी कधी उठली?"

"अठराशे चौतीस. पण खरी सुटका अडतीसला."

"मधली चार वर्षं काय केलं?"

"मालकाचंच काम, नाव फक्त बदललं."

"आपल्या मुकादमिणीसारखं!" व्हिडालिया म्हणाली, आणि मुकादमीणसुद्धा हसली. पुढच्याच आठवड्यात तीच "हे छप्पर इव्हाननंतरचं" म्हणून बसली. आम्ही तिला टोपल्या वाहायला लावल्या. तिनं मुकाट्यानं वाहिल्या. "दोन हजार चारनंतरचं," परत येऊन दम खात म्हणाली.

मेमध्ये परीक्षा आली. आदल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मी मेणबत्ती लावत होते, तर ही मागे उभी. मला सगळ्या टँटी म्हणतात, म्हणजे मावशी.

"टँटी, मी पास व्हावं म्हणून मागू नकोस. ते मी बघते. हात दुखू नये एवढं माग. तीन निबंध लिहायचेत."

मी तेवढंच मागितलं.

परीक्षेच्या खोलीबाहेर गणवेशातल्या एका मुलीनं तिला विचारलं, "मिस, पेपर तुम्ही वाटणार का?"

"नाही गं, मी लिहिणार. चल, तुझ्या शेजारी बसू दे."

बाहेर आली तेव्हा बोटांना शाई होती. तिसरा निबंध बाहेरदेशी गेलेल्यांचाच पडला होता. "एकोणीसशे पंचावन्न," ती जॅनेटचं साल सांगत म्हणाली, "असं ठसठशीत लिहिलंय की जमैकात चष्म्याशिवाय वाचता येईल."

ऑगस्टमध्ये निकाल लागला. दुपारी कागद घेऊन आली, आणि सगळ्यांचे हात थांबले. या वेळी मुकादमीण ओरडली नाही.

"दुसरी श्रेणी," एर्नेस्टीन म्हणाली. "पास."

व्हिडालियानं मोठ्यांदा देवाचं नाव घेतलं. एरवी ती घेत नाही. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ही माझ्या शेजारी बसून पुढ्यातलं पोतं निवडायला लागली होती.

"आता कशाला गं? जा ना, बाईंना सांगून ये."

"त्यांना सांगूनच आले. सोमवारपासून ये म्हणाल्या. आज गुरुवार आहे, टँटी. हे पोतं माझं आहे."