अडकलेला खांदा

नात फिजिओथेरपी शिकते. काल आमच्या मुलुंडच्या घरात हात बाजूला उचलत, परत अंगाशी आणत घोकत होती, "ॲबडक्शन, ॲडक्शन." ते शब्द ऐकून माझा हात खांद्यावर गेला.

तरुणपणी माझा खांदा आखडला होता. लेकीची वेणी घालता येईना. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरने माझा हात धरून वर नेला आणि भोवतीच्या विद्यार्थ्यांना म्हणाला, "हे ॲबडक्शन. बघा, इथे अडकतं." ब्लाउज काखेत उसवलेला, घामाने ओला. एका मुलीने नाकाला रुमाल लावला.

"साहेब, दुखतंय!"

"थांब गं बाई, शिकतायत ती." त्याने हात आणखी ताणला. मग औषध न देताच पुढच्या बाईकडे गेला.

त्याची किळस येतेच, पण माझी जास्त येते. निघताना दुखरा खांदा तसाच रेटून मी त्याला हात जोडले होते.