चार बोटं पाणी

मामा गेल्याचं कार्ड सोलापुरात माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांचं बारावंही होऊन गेलं होतं. आमच्या जोयड्याच्या रानातून टपाल निघणार कधी आणि पोचणार कधी... मामीनं शेवटी टपालवाल्याकडून लिहवून घेतलं होतं, "व्हाळ आटलाय. पलीकडचे लोक कागद घेऊन आले होते. तू ये." तीन आठवडे झाले, गिरणीत माझं चित्त नाही. तो कागद माझ्या हातचा आहे.

आई गेल्यावर मला मामांनीच वाढवलं. चौथीत शाळा सोडली तेव्हाही ते रागावले नाहीत. गावात लिहिता येणारा मी एकटाच, याचंच त्यांना कौतुक. आमचा गाव इंग्रजी मुलखात, आणि व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, खाली उतरला की पोर्तुगीज मुलूख. दिवाळीनंतर दोन्ही गावांनी मिळून बांध घालायचा, त्याला दोन तोंडं ठेवायची. एक आमच्या भाताला, एक त्यांच्या पोफळींना. दरवर्षी भांडणं. एका वर्षी मामा आणि पलीकडचे सोमा गावकर यांनी ठरवलं, कागद करू. मामा म्हणाले, "निम्मं आमचं, निम्मं त्यांचं. लिही." मला वाटलं, निम्मं म्हणजे किती? उद्या कचेरीत कोण मानेल? मी खालच्या तोंडात हात आडवा धरून पाहिला आणि लिहिलं, 'खाली सदैव चार बोटं पाणी सोडावं.' वाचून दाखवलं. त्या दिवशी चार बोटं म्हणजे निम्मंच होतं, म्हणून दोघांनी माना डोलावल्या आणि अंगठे उठवले.

दोन वर्षांनी पाऊस लवकर गेला. शिमग्याला अख्खा व्हाळच चार बोटं उरला. पलीकडचे कागद घेऊन आले. मामांनी सगळं पाणी खाली सोडलं. आमचं भात तेव्हा पोटरीला आलेलं. गाव मामांना नाही नाही ते बोललं. मी म्हटलं, "चूक माझी हाय, सांगतो सगळ्यांना." ते म्हणाले, "गप ऱ्हा. अंगठा माझा हाय न्हवं?"

आठ दिवसांनी गावकर स्वतः वर आले. वाळलेलं भात बघून बांधावर बसले. मग मामांना म्हणाले, "भाच्याचं अक्षर झ्याक हाय रे, पण व्हाळाला वाचता कुठं येतंय?" मामा कितीतरी दिवसांनी हसले. गावकरांनी आपल्या हातानं खालचं तोंड निम्मं बुजवलं. तेव्हापासून पाणी फार असो की थोडं, निम्मं-निम्मं. पण ते दोघांचं नुसतं तोंडी ठरलेलं. कागद मी बदलायचा म्हणत राहिलो... आणि पोट भरायला इकडं आलो. गावकर दोन वर्षांमागं गेले. आता मामाही. उरला तो कागद.

चार दिवसांची रजा मिळाली आहे. दोन्ही गावांसमोर सांगायचं आहे, की चार बोटं हे माझं शहाणपण होतं, मामांचा शब्द निम्म्याचा होता. आमचे म्हणतील, यानंच आमचं भात वाळवलं. त्यांचे म्हणतील, आता आपल्या गावासाठी खोटं बोलतोय. कोण काय मानेल, मला खरंच ठाऊक नाही.

पाणी वाटायच्या दिवशी मामा आधी मुंडासं काढून व्हाळात उतरत. पाणी किती आहे ते बघत उभे राहत. मग वर येऊन म्हणत, "हां, आज एवढं हाय. आता बोला." मीही आधी व्हाळातच उतरेन म्हणतो.