न घेतलेली भाकर

ती घटना आठवली की आजही मला आधी दिसते ती चुन्याची डबी. अटक केलेल्या ऊसतोड मजुराच्या अंगझडतीत तंबाखूची पुडी आणि ती डबी, एवढंच निघालं होतं. विडी नाही, काडेपेटी नाही. आणि आरोप काय, तर विडीच्या थोटकाने ऊस पेटवल्याचा.

तेव्हा मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गळीत हंगाम सुरू होता. एका दुपारी एका शेतकऱ्याचा उभा ऊस पेटला, लागूनच असलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाल्याच्या झोपड्या, जळाल्या आणि आत निजलेल्या एका म्हातारीचे दोन्ही हात भाजले. पंचनाम्यात बांधावर विडीचं थोटूक मिळालं, येणाऱ्याजाणाऱ्या कुणाचंही असू शकेल असं. संध्याकाळी टोळीचा मुकादम पाथर्डीकडच्या एका मजुराला घेऊन स्वतःच हजर झाला आणि मजुराने मान खाली घालून गुन्हा कबूल केला. आयता आरोपी मिळाला की मला बरं वाटत नाही. आयतं मिळालेलं सहसा दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीचं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कोठडीतून बाहेर बसवलं, चहा दिला आणि विडी पुढे केली. तो ओशाळून म्हणाला, आपण ओढत नाही. मग कबूल का केलंस म्हटल्यावर तो बोटाने जमीन उकरू लागला.

"मुकादम म्हनला, कुनीतरी एक जन आत गेल्याबिगर टोळीला कामावर घेत न्हाईत. माझी लेकरं मोठी हायेत, म्हनून मी आलो."

आग खरी कुणी लावली हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मलाही.

त्याच आठवड्यात गावातल्या चर्चचे पाळक नाताळच्या मिरवणुकीच्या परवानगीचा अर्ज घेऊन आले. भला माणूस, पण बोलायला बसला की उठायचं नाव नाही. चहा पिताना त्यांनी मंडळीतल्या एका गुरुजींची काळजी बोलून दाखवली. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, चर्चमधले मानाचे गृहस्थ. प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकर खातात तेव्हा, भाकरीचं ताट तेच सगळ्यांपुढे फिरवत आणि शेवटी स्वतः घेत. या रविवारी त्यांनी सगळ्यांना दिलं, स्वतः न घेता ताट मेजावर ठेवलं आणि निघून गेले. तब्येत बिघडली असावी, असा पाळकांचा अंदाज. मी सहज विचारलं, माणूस ही भाकर कधी घेत नाही?

"मनात काही अडलेलं असलं की," ते म्हणाले. "ते मोकळं केल्याशिवाय घ्यायची नसते."

माझा चहा तसाच राहिला. गुरुजींचं शेत जळालेल्या उसाला लागून होतं. तोडणीनंतर तिथे पडलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आगीत खाक झालं होतं आणि गुरुजींचंही नुकसान झालं असंच आम्ही धरून चाललो होतो. इतकंच काय, गावात त्यांच्या शब्दाला वजन म्हणून मी पंच म्हणून त्यांनाच घेतलं होतं.

मी त्यांना ठाण्यात बोलावलं नाही. साध्या कपड्यांत शेतावर गेलो आणि त्यांच्याशेजारी बांधावर बसलो. तोड कधी झाली, वारा कुठला होता, सगळ्याची त्यांनी वर्गात सांगावी तशी नीट उत्तरं दिली. मग मी विचारलं, पाचट तुम्ही पेटवलं का? मी म्हटलं, नाही म्हणा, मी उठून जातो. माझ्याकडे पुरावा नव्हता आणि ते त्यांनाही कळत होतं. सगळीकडे राखच राख, कुठली आग आधीची हे कोण सांगणार? एका शब्दात सुटले असते. तो शब्द काही त्यांच्या तोंडातून निघेना. खोटं बोलणारे मी उदंड पाहिले होते, पण खोटं बोलता येत नाही म्हणून घामाघूम झालेला माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

"पाचट सरीत दाबायचं तर पाठ मोडते," ते शेवटी म्हणाले. "काडी ओढणं सोपं होतं, साहेब. मग गप्प बसणं त्याहून सोपं झालं. माझ्याऐवजी तो माणूस आत गेला, तेव्हापासून मात्र घास उतरत नाही."

उद्या सकाळी येतो म्हणाले. पाळतीला शिपाई ठेवा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. मी ठेवला नाही.

सकाळची हजेरी व्हायच्या आत ते बाकावर येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर घेऊन. घरी सांगितलं होतं, पाळकांना सांगून चर्चमधलं पद सोडलं होतं. ऊसमालकाच्या दारीही जाऊन आले होते. तिथे काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

गुरुजींवर गुन्हा दाखल झाला, जामीन झाला. कोर्टात अहवाल देऊन मजुराला सोडलं. संध्याकाळी ठाण्याच्या ओट्यावर दोघं समोरासमोर आले. गुरुजींनी हात जोडले आणि ते फडकंच पुढे केलं. मजुराने खाली बसून ते सोडलं, भाकर मोडली आणि अर्धी त्यांच्यासमोर धरली.

"घ्या गुरुजी. तुमी बी सकाळधरनं उपाशीच हाय."

गुरुजींनी डोळे मिटले, मनात काहीतरी म्हटलं आणि भाकर घेतली. मी तिथून उठून आत गेलो, कारण माझेच डोळे भरून आले होते.

त्यानंतर तपासात माणूस काय करतो यापेक्षा तो काय करायचं सोडतो, याकडे मी लक्ष देऊ लागलो. त्याचा फार उपयोग झाला. पण या केसने शिकवलं ते त्याहून वेगळं. पुराव्याअभावी सुटलेली माणसं मी नोकरीत खूप पाहिली. पुढे गुरुजींना शिक्षा झाली, तरी त्या ओट्यावर भाकर खाताना ते जितके मोकळे दिसले, तितकं त्या सुटलेल्यांपैकी कुणीच मला दिसलं नाही.